या चुका टाळा: अंडी उबवायच्या पेटीचा डिजिटल थर्मोस्टॅट

मासळीची थर्माकोलची पेटी, एक पिवळा बल्ब, कॉम्प्युटरमधला छोटा पंखा आणि तांबडे आकडे दाखवणारा 'डब्ल्यू १२०९' बोर्ड, म्हणजे तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट. एवढ्यावर कोकणात पडवीच्या कोपऱ्यात अंडी उबवायला लागतात. खुडूक कोंबडी एका वेळी दहा-बारा अंडी सांभाळते, पेटीत चाळीस सहज मावतात. पण २१ दिवस भरल्यावर निम्मी अंडी तशीच राहिली, की सगळा राग त्या बोर्डावर निघतो. बोर्ड बहुतेक वेळा आपण सांगितलं तेवढंच करत असतो. आपण सांगतो ते मात्र कुठल्या तरी कोरड्या मुलखातल्या व्हिडिओवरून उचललेलं असतं.

बोर्डाच्या आतलं सेटिंग न उघडणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. 'सेट' बटण एकदा दाबून ३७.५ अंश सेल्सिअस लावलं म्हणजे काम झालं असं वाटतं. पण तेच बटण पाच सेकंद दाबून धरलं, की पी ० पासून पुढचे पर्याय दिसतात आणि खरी गोम तिथे आहे.

पी ० वर 'सी' म्हणजे थंड करणे, 'एच' म्हणजे गरम करणे. नवा बोर्ड साधारणपणे 'सी' वर येतो. तसाच ठेवला तर पेटी गार असताना बल्ब बंद राहतो आणि तापली की लागतो, म्हणजे सगळा कारभार उलटा.

पी १ हा फरकाचा आकडा. कंपनीकडून तो २ येतो. याचा अर्थ ३७.५ ला बंद झालेला बल्ब ३५.५ येईपर्यंत लागतच नाही. दिवसभर अंड्यांचा असा झोका चालू राहिला तर पिल्लं उशिरा आणि अशक्त निघतात. पी १ ला ०.२ किंवा ०.३ करा. पी ५ वरचा उशीर फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठी असतो, बल्बला त्याचं काही काम नाही, तो ० असू द्या. पी २ म्हणजे बोर्डावर लावता येणाऱ्या तापमानाची वरची मर्यादा, ती ४० करून ठेवा. घरात पोरंसोरं असतील तर हे आधी करा. शिवाय बरेच व्हिडिओ फॅरनहाइटमध्ये बोलतात, आणि ऐकलेला ९९.५ आकडा सेल्सिअसच्या बोर्डावर लावणारे महाभागही आहेत.

डब्ल्यू १२०९ ऐवजी 'एसटीसी १०००' हा थर्मोस्टॅट घेतला असेल तर फरक एफ २ मध्ये असतो. त्याच्या आउटपुटमधून वीज बाहेर येत नाही, ते नुसतं स्विच असतं. फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, त्यातून फिरवून बल्बला द्यावी लागते. बल्ब लागत नाही म्हणून बोर्ड परत करणाऱ्या निम्म्या लोकांची अडचण एवढीच असते. डब्ल्यू १२०९ ला स्वतःला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि तो उघडा बोर्ड असल्यामुळे त्याच्या खालच्या बाजूलाही बल्बची वीज खेळते. वायरिंग जमत नसेल तर गावातल्या वायरमनला बोलवा.

आकड्यावर डोळे मिटून विश्वास

बोर्ड ३७.५ दाखवतो म्हणजे पेटीत ३७.५ आहे असं नाही. अर्धा-पाऊण अंशाची चूक अगदी नेहमीची. तपासायला घरातला तापाचा थर्मामीटर पुरतो, कारण आपल्याला हवं ते तापमान त्याच्याच टप्प्यात येतं. पेल्यात कोमट पाणी घ्या, सेन्सरचं धातूचं टोक आणि थर्मामीटर शेजारी शेजारी धरा, चमच्याने ढवळत राहा. थर्मामीटर ३७.५ म्हणाला आणि बोर्ड ३६.८, तर पी ४ वर ०.७ भरा. हे न करता पेटी लावली, तर बोर्ड ३७.५ दाखवेल तेव्हा आत खरे ३८.२ असतील. कमी उष्णतेने पिल्लू रखडतं, जास्तीने मरतं.

सेन्सर बल्बजवळ किंवा पेटीच्या भिंतीला चिकटवू नका. अंड्यांच्या वरच्या पातळीला, कुठल्याही अंड्याला न टेकता, मधोमध लोंबू द्या. पंखा नसेल तर त्याच पातळीला ३८.५ च्या आसपास ठेवावं लागतं. हल्ली दुकानात एलईडीच हातात देतात. तिच्याने पेटी तापत नाही, तारेचाच बल्ब मागून घ्या. एक मोठा लावण्यापेक्षा दोन छोटे बरे, एक उडाला तरी रात्र निभते. अंडी ठेवण्याआधी एक दिवस पेटी रिकामी चालवून बघा.

पावसाळ्यात पाण्याची वाटी

आता खास आपल्याकडची गोष्ट. व्हिडिओत सांगतात, पहिले १८ दिवस ओलावा ५०-५५ टक्के हवा, म्हणून आत पाणी ठेवा. आषाढात बाहेरची हवा २७ अंशाला ८५ टक्के ओली असते. तीच हवा पेटीत ३७.५ पर्यंत तापली, की वाटी न ठेवताही ओलावा ४७ टक्क्यांच्या आसपास बसतो. वर पाणी ठेवलं की तो सत्तरीकडे जातो. मग अंड्यातलं पाणी उडत नाही, रुंद टोकाकडची हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवच फोडण्याआधीच आत गुदमरतं. असं अंडं फोडून बघितलं की पिल्लू ओलं, सुजलेलं दिसतं, आणि दोष तापमानाला दिला जातो.

अंदाज घ्यायला स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. दहा गावठी अंडी ठेवताना ४५० ग्रॅम भरली, तर १८ व्या दिवशी ती ३९५ ते ४०० ग्रॅमवर यायला हवीत. जास्त भरली तर पाणी काढा आणि हवेची भोकं वाढवा, कमी भरली तर पाणी ठेवा. पौष-माघातल्या गार, कोरड्या रात्री वाटी लागतेच. शेवटचे तीन दिवस ओलावा ६५-७० हवा, तेव्हा मात्र पाणी ठेवा, भर पावसाळ्यातसुद्धा. अंडी फिरवणं १८ व्या दिवशी थांबवायचं आणि झाकण सारखं उघडायचं नाही.

लाईट गेल्यावरची घाई

लाईट गेली तर पेटीवर गोधडी टाका, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवा. खंड लांबला तर कोमट पाण्याच्या बाटल्या आत ठेवा. तासभर गारठलेली अंडी बहुधा सावरतात, फार तर पिल्लं थोडी उशिरा निघतात. लाईट आल्यावर 'गेलेली ऊब भरून काढू' म्हणून सेटिंग ३९ वर नेणं हा शुद्ध वेडेपणा. ते ३७.५ च राहू द्या.

बोर्डावर आकड्याऐवजी 'एलएलएल' दिसलं तर सेन्सरची वायर सुटलेली असते. समुद्राजवळच्या घरात ती पिन खाऱ्या हवेने हिरवी पडते. वीज बंद करून पिन काढा, सुक्या ब्रशने घासा, परत बसवा. बल्बच्या वायरीचे स्क्रूही तेव्हाच आवळून घ्या, कारण सैल स्क्रू आधी तापतो आणि मग थर्माकोल वितळवतो.