एकाच आठवड्यात सगळ्या कालवडींना कृत्रिम रेतन कसं करावं

गोठ्यात सात-आठ संकरित कालवडी असल्या की प्रत्येकीचा माज (गाभ धरायची वेळ) वेगळा, डॉक्टरांची फेरी वेगळी आणि पुढे व्यायच्या तारखाही वर्षभर पांगलेल्या. प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकाच्या इंजेक्शनने हा माज एकत्र आणता येतो. पण इंजेक्शन माज निर्माण करत नाही, सुरू असलेलं चक्र फक्त पुढे ओढतं. चक्रच सुरू नसेल तर औषध वाया.

चक्र सुरू होणं वजनावर ठरतं, म्हणून आधी टेप घ्या. कालवड सपाट जागी उभी करून पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या सांध्यापासून शेपटीच्या बुडाजवळच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही इंचांत. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा, ६६०ने भागा. आलं वजन किलोत. घेर ६० आणि लांबी ४६ असेल तर साधारण २५१ किलो. २५०च्या आतल्या कालवडीला हात लावू नका. नुसतं वय मोजून घाई करणारे पुढे अडलेलं वासरू ओढत बसतात.

मग डॉक्टरांकडून गाभ तपासणी. ‘ही कुठे फळलीय’ म्हणून ती टाळली आणि कालवड गाभण निघाली, तर याच इंजेक्शनने गाभ पडतो. गोऱ्ह्यासोबत जुळी जन्मलेली कालवड बाजूलाच ठेवा. अशा दहातल्या नऊ वांझ असतात.

आता वेळापत्रक. आज पहिलं इंजेक्शन, ११ दिवसांनी दुसरं. अकराच का? हे औषध अंडाशयावरच्या पीतपिंडावर (बीज सुटल्यावर तिथे बनणाऱ्या गाठीवर) चालतं, आणि माजानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत तो कोवळा असल्याने दाद देत नाही. पहिल्या वेळी हुकलेल्या कालवडी ११ दिवसांत योग्य टप्प्यावर येतात. पहिल्या इंजेक्शनने माजावर आलेल्याही नव्या चक्रात तिथवर पोचतात. डोस डॉक्टरच ठरवतील. औषध कातडीतून शरीरात शिरतं, त्यामुळे गरोदर बायांनी आणि दमेकऱ्यांनी सिरिंजला हात लावू नये.

दुसऱ्या इंजेक्शननंतर दोन ते पाच दिवस पहाटे आणि संध्याकाळी गोठ्यात उभे राहा. माजावर आलेलीची काचेसारखी स्वच्छ सोट (चिकट स्राव) लोंबते, दुसरी अंगावर चढली तरी कालवड हलत नाही. सकाळी दिसलं तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसलं तर दुसऱ्या सकाळी. मुका माज (लक्षणं न दिसणारा) असेल तर दुसऱ्या इंजेक्शननंतर ७२ आणि ९६ तासांनी दोनदा रेतन करतात.

अमेरिकेतल्या मांसासाठीच्या कळपांत योनीत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोडणारं साधन सात दिवस ठेवतात, काढताना प्रोस्टाग्लँडिन देतात आणि साधारण ५४ तासांनी माज न बघताच रेतन करतात. शेकडो जनावरांत माज बघत कोण बसणार! आपल्याकडेही असं साधन मिळतं, खर्च मात्र वाढतो. गायींचं ओव्हसिंक (ठरलेल्या क्रमाने इंजेक्शनं देऊन माज न बघता रेतन) मात्र कालवडींना जसंच्या तसं लावू नका. त्यातल्या पहिल्या इंजेक्शनला त्या कमी दाद देतात.

रेतनाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा. गाभ न राहिलेल्या कालवडी १८ ते २४ दिवसांत उलटतील, म्हणजे पुन्हा माजावर येतील, त्याही जवळपास एकदमच. त्या आठवड्यात कुठल्या लग्नाला जायचं कबूल करू नका. बाकीच्यांची गाभ तपासणी दोन महिन्यांनी.