रायफलची झीज आणि गेजचा शोध

वाळूजच्या एका छोट्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये मी नऊ वर्षं गेज, म्हणजे पार्टचं माप बरोबर आहे का ते पडताळायची साधनं, तपासते आहे. मूळची पैठण तालुक्यातली. दहावीनंतर चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा केला, तिथं मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची, भाषा अंगवळणी पडली. आमचं रोजचं काम म्हणजे गाड्यांच्या पार्टचे प्लग गेज, रिंग गेज, स्नॅप गेज. एकदा बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेले एक कारागीर आले आणि म्हणाले, "ताई, रायफलचे भाग किती झिजलेत ते बघायचे गेज कुठं मिळतील?" मला सांगता आलं नाही. ते शोधता शोधता जे शिकले, ते या लाईनीत नव्यानं येणाऱ्या पोरापोरींसाठी लिहिते.

मी लगेच कॅटलॉग उघडून बसले. आमचे सुपरवायझर फौजेतून आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, म्हणून निवृत्त झालेले, लातूरकडचे. मागं येऊन उभे राहिले.

"काय बघायलीस पोरी?"

"रायफलचे गेज, काका."

"कोणच्या जागेची झीज? कोणच्या काडतुसाची रायफल? आन् नापास कुठं करायचं, हे कुणी ठरवलंय?"

एकाचंही उत्तर माझ्याकडं नव्हतं. म्हणून पहिलं सांगणं हेच: हे तीन प्रश्न वहीत लिहून त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय कुणालाही कोटेशन मागू नका. मर्यादा माहीत नसलेला गेज म्हणजे पॉलिश केलेला लोखंडाचा तुकडा.

जागा निरनिराळ्या असतात. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या, पुढचा घसा गरम वायूनं खाल्ला जातो, त्याला निमुळता इरोजन गेज लागतो. नळीचं तोंड पुष्कळदा गोळीपेक्षा साफसफाईच्या सळईनंच घासतं. काडतुसावर ठोका देणारी फायरिंग पिन किती बाहेर येते हे डेप्थ मायक्रोमीटरनं किंवा डायलनं मोजता येतं. पण सगळ्यात महत्त्वाचं हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या (चेंबर मागून मिटवणाऱ्या दांड्याच्या) तोंडापासून काडतूस जिथं टेकतं तिथपर्यंतचं अंतर. बोल्टचे लग (त्याला अडकवून धरणारे दात) आणि त्यांची बैठक झिजली की हे अंतर वाढतं, गोळी सुटताना पितळी केस ताणली जाते आणि बुडाजवळ फाटू शकते. डोळ्याशेजारी फाटणारी ती केस असते, म्हणून इथं अंदाज चालत नाही.

त्या कारागिरांकडची रायफल .३०८ विंचेस्टर काडतुसाची होती. हेडस्पेसचे गेज तीन: गोवर बोल्ट मिटलाच पाहिजे, नो-गोवर मिटला तर झीज सुरू झाली, आणि फील्डवरही मिटला तर रायफल नापास. अमेरिकेतल्या सामी या, बंदुका-काडतुसांची मापं ठरवणाऱ्या, संस्थेच्या मापाप्रमाणे तिचा गो गेज १.६३० इंच, नो-गो १.६३४ आणि फील्ड १.६३८. म्हणजे गो आणि नो-गोमध्ये जेमतेम ०.१ मिलिमीटर. मी शोधत असताना एका ठिकाणी फील्डचं माप १.६४५५ सापडलं आणि तेच मी नोंदवलं. काकांनी थांबवलं. ते माप अमेरिकी सैन्याच्या एम-१४ रायफलचं, ७.६२ नाटो काडतुसासाठीचं. दोन्ही काडतुसं हातात घेतली तर सारखीच दिसतात, पण नापास करायची रेघ वेगळी. ते माप धरलं असतं तर झिजलेली रायफल मी पास ठरवली असती. त्या दिवसापासून कुठलाही आकडा लिहिताना तो कुणाच्या ड्रॉइंगवरचा आहे, हे मी शेजारी लिहितेच.

आता मिळण्याचं. निम्मं सामान इथंच होतं. नळीत घालायचे पिन गेज ०.०१ मिलिमीटरच्या टप्प्यानं सेटमध्ये मिळतात. फक्त ते पुसून, हलक्या हातानं घालायचे, दाबून नाही. डायल, व्ही-ब्लॉक, डेप्थ मायक्रोमीटर कारखान्याच्या कुठल्याही मोजमापाच्या खोलीत सापडतात. हेडस्पेस गेज मात्र बाहेरचे मागवावे लागले. अमेरिकेत फॉर्स्टर, मॅन्सन असे मोजके लोक ते बनवतात. कारागिरांनी आधी एका स्वस्त विक्रेत्याकडून संच घेतला होता. डबी सुंदर, सर्टिफिकेट नाही. तो तपासायला आमच्याकडं आला.

हे तपासणं वाटतं तितकं सोपं नाही. त्या गेजला काडतुसासारखा उतरता खांदा असतो, आणि लांबी मोजायची ती खांद्यावर जिथं व्यास बरोबर ०.४०० इंच, म्हणजे १०.१६ मिलिमीटर होतो तिथपर्यंत. त्यासाठी तेवढ्या भोकाची रिंग करून घेतली, ती खांद्यावर बसवली आणि कंपॅरेटर या बारीक फरक दाखवणाऱ्या यंत्राखाली स्लिप गेजच्या (अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यांच्या) उंचीशी ताडून पाहिली. खांद्याचा उतार अक्षाशी २० अंशांचा. त्यामुळं रिंगचं भोक नुसतं १० मायक्रॉननं मोठं असेल तर लांबीत जवळजवळ १४ मायक्रॉनची चूक येते. रिंगच आधी दोनदा मोजून घेतली. मग नो-गो मोजला, तर तो ३० मायक्रॉन तोकडा निघाला. म्हणजे तो चांगल्या रायफललाही नापास करू शकत होता. संच परत गेला. दुसरा सर्टिफिकेटसह आला, तरी आम्ही तोही मोजलाच.

मराठवाड्यातल्या उन्हाळ्याचंही ऐका. मापं २० अंश सेल्सिअसची धरलेली असतात. मे महिन्यात गाडीच्या डिकीतून आलेला ५० मिलिमीटरचा गेज २० अंशांनी जास्त तापलेला असेल तर ११ मायक्रॉनहून जास्त वाढलेला असतो. आला की लगेच मोजायचा नाही. सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजायच्या सपाट पाटावर, स्लिपच्या शेजारी, रात्रभर ठेवायचा.

या स्लिप गेजचं आणि रायफलचं नातं जुनं आहे, हे मला फार नंतर कळलं. स्वीडनच्या एस्किल्स्टुना इथल्या सरकारी रायफल कारखान्यातले कार्ल एडवर्ड योहानसन जर्मनीत माउझरच्या कारखान्यात गेले, तिथं प्रत्येक मापासाठी वेगळा ठोकळा पाहिला आणि १८९६ मध्ये १०२ ठोकळ्यांचा, एकमेकांना जोडून हजारो मापं देणारा संच सुचवला. बायकोच्या शिलाई मशिनवर ग्राइंडिंगची सोय करून ते घरी ठोकळे घासत. मी रोज सकाळी स्लिप चिकटवते तेव्हा ही गोष्ट आठवते, आणि हात आपोआप जपून चालतो.

एक गोष्ट मात्र पक्की पाळा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीला आणि चाचणीलाही परवाना लागतो. म्हणून लॅबमध्ये रायफल आम्ही घेतली नाही, फक्त गेज घेतले. तपासणी कारागिरांच्या दुकानात, त्यांच्याच हातानं झाली. मी आणि काका समोर उभे. त्यांनी रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, चेंबर पुसलं, कारण काजळीचा थरही माप खोटं करतो. बोल्टमधून फायरिंग पिन आणि रिकामी केस ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर काढले. गो गेजवर बोल्ट एका बोटानं मिटला. नो-गोवरही मिटला. फील्डवर अर्ध्यात अडला.

कारागिरांनी माझ्याकडं पाहिलं. मी काकांकडं.

"चालते अजून," काका म्हणाले, "पण आता लांब नाही. तारीख टाक, आन् दर पाचशे गोळ्यांनी परत लाव म्हणावं."

मी रजिस्टरमध्ये तिन्ही निकाल, तिन्ही गेजचे नंबर आणि पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख लिहिली. कारागिरांनी गेज पुसले, तेलाचा हात फिरवला आणि डबीत ठेवले.