ओसायरिसची कथा मूळ चित्रलिपीतून कशी वाचावी

इजिप्तच्या पुराणकथा मुळातून वाचायच्या तर आधी काही वर्षं फक्त लिपी घोटा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकणारे बहुतेक जण चिन्हांच्या तक्त्यावरच थांबतात. भाषांतर हाताशी ठेवून मूळ ओळ पडताळता येण्यापुरती लिपी आणि तेवढंच व्याकरण आलं तरी खरा अभ्यास सुरू होतो. मात्र दहा देवांच्या मागे धावू नका, एकच कथा धरा. इथे मृतांचा देव ओसायरिस याची घेतली आहे.

आधी ग्रीक लेखक प्लुटार्क बाजूला काढा. सेथने भावाला, ओसायरिसला, पेटीत बंद केलं, पेटी वाहत बायब्लॉसला (आजच्या लेबनॉनमधलं बंदर) गेली, पुढे देहाचे चौदा तुकडे झाले, ही सलग गोष्ट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला प्लुटार्कने ग्रीकमध्ये लिहिली. विखुरलेले अवयव गोळा केल्याचे उल्लेख इजिप्शियन ग्रंथांतही आहेत, पण अशी सलग कहाणी तिथे नाही. तिथे स्तोत्रं आहेत, अंत्यविधीचे मंत्र आहेत, आणि त्यांत ओझरते उल्लेख. प्लुटार्कची गोष्ट वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवा आणि मूळ ओळीतल्या रिकाम्या जागा तिने भरू नका.

साहित्य. व्याकरण आणि चिन्हसूचीसाठी गार्डिनरचं पुस्तक (तिसरी आवृत्ती, 1957), शब्दांसाठी फॉकनरचा छोटा कोश (1962), आणि बर्लिनचा मोफत ऑनलाइन कोश थेसॉरस लिंग्वे ईजिप्टिए. त्यात शब्दागणिक फोड मिळते, भाषांतरं मात्र बहुतेक जर्मन आहेत. बज या जुन्या अभ्यासकाची पुस्तकं फुकट मिळतात म्हणून सगळीकडे दिसतात, पण 1920 चा त्याचा कोश आणि त्याची लिप्यंतर पद्धत दोन्ही कालबाह्य आहेत. चित्रं पाहायला ठीक, पडताळणीला नको.

चिन्हं. एकव्यंजनी चोवीस चिन्हं पाठ करा, बाकीची वाचता वाचता येतात. माणसं-प्राणी ज्या बाजूला तोंड करून असतात त्या बाजूने वाचायला सुरुवात करायची. मृतांच्या ग्रंथाच्या (मृतासोबत ठेवायच्या मंत्रसंग्रहाच्या) अनेक पपायरसांत मात्र स्तंभांचा क्रम याच्या नेमका उलट असतो. दोन स्तंभ वाचून अर्थाचा मेळ बसेना, तर क्रम उलटून पाहा.

टिपणं देवनागरीत काढायचा मोह होईल. तो टाळा. इजिप्शियनमध्ये चार वेगवेगळे 'ह' आहेत आणि देवनागरीत ते 'ह' आणि 'ख' या दोघांत कोंबले जातात, मग कोशात शब्द सापडत नाही. शिवाय आपल्या अक्षरात 'अ' आपोआप येऊन बसतो, आणि मूळ लिपीत स्वर लिहिलेलेच नाहीत. अभ्यासकांची रोमन लिप्यंतर चिन्हं एका आठवड्यात सवयीची होतात.

क्रियापद: इथेच सगळे अडकतात. स्वर लिहिलेले नसल्यामुळे क्रियापदाचं एकच लिखित रूप 'तो ऐकतो', 'त्याने ऐकावं', 'तो ऐकेल' किंवा 'तो ऐकतो तेव्हा' यांपैकी काहीही असू शकतं. पुराणकथेत हा फरक जिवावरचा. होरस हा ओसायरिसचा मुलगा. 'होरस आला' ही घटना, 'होरस येवो' हा विधीतला आशीर्वाद. भाषांतरकार एक पर्याय निवडतो आणि छापील पानावर ती निवड दिसत नाही. म्हणून प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने शक्य ते सगळे अर्थ लिहा, आणि मगच भाषांतर उघडा. आधी भाषांतर वाचलं की दुसरा अर्थ सुचतच नाही.

क्रियापदाला 'न' (पाण्याची नागमोडी रेघ, गार्डिनरच्या चिन्हसूचीत एन 35) जोडलेला असेल तर क्रिया सहसा पूर्ण झालेली असते. पण 'ला', 'साठी' या अर्थाचं शब्दयोगी अव्ययही याच चिन्हाने लिहितात. 'ऐक + न + तो + देव' एवढंच दिसलं तर 'त्याने देवाला ऐकलं' आणि 'देव त्याच्यासाठी ऐकतो' हे दोन्ही बरोबर. केवळ ओळीकडे टक लावून हे सुटत नाही. पिरॅमिड ग्रंथ, म्हणजे राजांच्या पिरॅमिडांत आतल्या भिंतींवर कोरलेले मंत्र, वाचत असाल तर तोच मंत्र दुसऱ्या पिरॅमिडमध्ये शोधा. तिथे सर्वनामाच्या जागी राजाचं नाव असेल तर क्रम बोलतो: 'न + राजा' हे 'देव' या शब्दाच्या आधी आलं तर राजा कर्ता, नंतर आलं तर राजासाठी.

हे सगळं पिरॅमिड ग्रंथांच्या 532 व्या मंत्रावर करून पाहा. ओसायरिसची बायको आणि बहीण आयसिस, आणि दुसरी बहीण नेफ्थिस येतात, एक पश्चिमेकडून, एक पूर्वेकडून. त्यांना ओसायरिस सापडला, त्याच्या भावाने, सेथने, त्याला नेदित इथे जमिनीवर पाडलं होतं. 'सापडला' आणि 'पाडलं' दोन्हींत 'न' आहे, म्हणजे हे घडून गेलेलं म्हणून सांगितलंय, आशीर्वाद नव्हे. आणि शब्द 'पाडलं' असाच आहे. तुमच्या भाषांतरात 'ठार मारलं' असेल तर तो शब्द भाषांतरकाराचा. पुढच्याच वाक्यात ओसायरिस 'माझ्यापासून दूर हो' म्हणतो आणि त्यावरून त्याचं सोकर (मृतांशी जोडलेल्या एका देवाचं नाव) हे नाव पडलं असं मंत्र सांगतो. हा उच्चारावरचा खेळ आहे, भाषांतरात तो निरर्थक वाटतो. जिथे भाषांतर अचानक विचित्र वाटेल तिथे मूळ ओळीत असा श्लेष शोधा, बहुधा मिळतो.

याच ग्रंथांत आणखी दोन खड्डे आहेत. 'ओसायरिस'च्या पुढे लगेच राजाचं नाव आलं तर तो मृत राजा, आणि फॉकनरच्या 1969 च्या भाषांतरात नावाऐवजी सरसकट 'राजा' छापलंय, त्यामुळे कुठला पिरॅमिड ते कळत नाही. दुसरं, थडग्यातली माणसांची आणि काही प्राण्यांची चिन्हं मुद्दाम गाळलेली किंवा अर्धवट कोरलेली आहेत. शब्दाच्या शेवटच्या अर्थदर्शक चित्रावर विसंबून वाचायची सवय लागली असेल तर इथे अडाल.

क्रमांकांकडेही लक्ष ठेवा. पिरॅमिड ग्रंथांचा संपादक झेटे याचे मंत्रक्रमांक आणि त्याचे परिच्छेद क्रमांक वेगळे, आणि भाषांतरकार ॲलनने 2005 मध्ये प्रत्येक पिरॅमिडला स्वतंत्र क्रम दिला. टिपणात तिन्हींपैकी कुठला आकडा ते लिहिलं नाही, तर महिन्याभराने तुम्हालाच ओळ सापडणार नाही.

वाचनाचा क्रम. पिरॅमिड ग्रंथ सर्वांत जुने (राजा उनासच्या पिरॅमिडमधले इ.स.पू. 2350 च्या सुमाराचे) म्हणून त्यांनीच सुरुवात करू नका. त्यांची भाषा गार्डिनरच्या व्याकरणापेक्षा जुनी आहे. आधी लूव्र संग्रहालयातला आमेनमोसचा शिलालेख (सी 286, अठरावं राजघराणं) घ्या. त्यातल्या ओसायरिस स्तोत्राची भाषा व्याकरणाला धरून आहे. आयसिस आपल्या पिसांनी सावली करते आणि पंखांनी वारा घालते, ती ओळ आधी सोडवा. 'सावली' आणि 'पीस' यांचे मूळ शब्द जवळजवळ सारखेच लिहिलेले दिसतील. स्तोत्रात ओसायरिसच्या मृत्यूचं वर्णन नाही, ते शोधत बसू नका. दिवसाला दोन-तीन ओळी पुरे, आणि प्रत्येक ओळीला दोन वेगळ्या भाषांतरकारांची भाषांतरं लावून पाहा. जिथे ती जुळत नाहीत तेवढ्याच जागा खोदायच्या. मग मंत्र 532.

होरस आणि सेथ यांचा दरबारी तंटा, चेस्टर बीटी पपायरस 1, अगदी शेवटी. तो पाचव्या रामसेसच्या काळातला, हिएरॅटिक या धावत्या लिपीत. छापील चित्रलिपी म्हणून जी मिळते ती गार्डिनरने 1932 मध्ये केलेली प्रतिलिपी आहे. भाषाही उत्तरकालीन इजिप्शियन, तिला वेगळं व्याकरण लागतं, आणि जुनं तिथे लावलंत तर निम्मी क्रियापदं चुकतील.