वहीतली टिंबे: इंद्रियदमनाचा रोजचा सराव

बायबलच्या नव्या करारातल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात ‘आत्म्याच्या फळाची’, म्हणजे पवित्र आत्मा माणसात वाढवतो त्या गुणांची, यादी आहे. प्रीतीपासून सुरू होणाऱ्या त्या यादीतला नववा, शेवटचा शब्द ‘इंद्रियदमन’. शब्द जरा जड आहे. ऐकताना गुहेतला एखादा तपस्वी डोळ्यांपुढे येतो. मूळ ग्रीक शब्द ‘एंक्रातेइया’, आणि त्याच्या पोटात ‘क्रातोस’ म्हणजे ताकद, सत्ता. स्वतःवर ताबा, एवढा त्याचा साधा अर्थ. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना त्याच पत्राच्या लेखकाने, पौलाने, याच शब्दाचे क्रियापद खेळाडूंसाठी वापरले आहे (१ करिंथ ९:२५). करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन स्पर्धा भरत, त्यामुळे सराव कशाला म्हणतात हे तिथल्या लोकांना सांगावे लागत नव्हते. ठरलेली वेळ, ठरलेले खाणे, तीच हालचाल पुन्हा पुन्हा. खालची पद्धतही त्याच वळणाची आहे. फळ देणे देवाकडे. आळे करणे, पाणी घालणे आणि तण काढणे आपल्याकडे.

आधी एकच गोष्ट निवडा

‘मी राग सोडणार’ हा संकल्प मोजता येत नाही, म्हणून तो चार दिवसांत विरतो. ‘सकाळी मुलांचे आवरून देताना आवाज चढवायचा नाही’ हा मोजता येतो. ‘मोबाइल कमी करणार’ याऐवजी ‘अंथरुणात मोबाइल न्यायचा नाही’. ‘जिभेला आवर’ याऐवजी ‘रविवारी उपासना सुटल्यावर आवारात, जो तिथे नाही त्याच्याबद्दल बोलायचे नाही’. शेवटचे वाटते त्याहून पुष्कळ अवघड आहे.

काय निवडावे ते कळत नसेल तर तीन दिवस काहीही न बदलता फक्त नोंद करा: किती वाजता, कुठे, समोर कोण होते, पोट रिकामे होते का, झोप झाली होती का. बहुतेकांच्या चुका दिवसभर विखुरलेल्या नसतात. त्या एखाद-दोन तासांत गर्दी करतात: सकाळी डबे भरताना, संध्याकाळी लोकलमधून उतरून घरात पाऊल टाकल्यावरचा पहिला अर्धा तास, रात्री सगळे झोपल्यावर. तेवढ्याच वेळेवर काम करायचे. बाकीचा दिवस तूर्त सोडून द्या.

दोन ओळींची वही

ही रीत येशूसंघ (जेज्युइट) हा कॅथलिक धर्मसंघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांची. त्यांच्या १५४८ साली छापलेल्या साधनापुस्तकात ती आकृतीसह दिली आहे. मराठीत क्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स त्यांच्याच येशूसंघाचे. पण ती वापरायला कॅथलिक असण्याची गरज नाही, पेन लागते.

खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. एका पानावर सात दिवसांच्या सात जोडओळी आखा. प्रत्येक जोडीतली वरची ओळ उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंतची, खालची तिथून रात्रीच्या जेवणापर्यंतची. त्यानंतरचे जे काही ते दुसऱ्या दिवशीच्या वरच्या ओळीत धरा. पहिल्या दिवसाच्या ओळी सर्वांत लांब, पुढच्या दिवसांच्या क्रमाने आखूड. प्रत्येक चुकीला ओळीवर एक टिंब द्यायचे आहे, आणि ती टिंबे कमी होत जावीत ही अपेक्षा आखणीतच आहे.

मग दिवसातून तीन वेळा थांबायचे. उठल्या उठल्या, पाय जमिनीला लागण्याआधी, ती एक गोष्ट मनाशी म्हणा आणि तेवढ्यासाठीच देवाकडे मदत मागा. अर्धे मिनिट पुरते. दुपारी जेवणानंतर सकाळचा एकेक तास आठवा आणि जितक्या वेळा घसरलात तितकी टिंबे वरच्या ओळीवर द्या. रात्री जेवणानंतर तसेच खालच्या ओळीवर. दोन्ही वेळा मिळून पाच-सात मिनिटांच्या वर जाऊ नका. लांबवले की त्याचे कीर्तन होते आणि आठवड्याभरात कंटाळा येतो.

चूक घडली त्याच क्षणी हात छातीला लावायचा, एवढेच. बसमध्ये, ऑफिसात, सासूबाईंसमोर केले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. ही खूण गाळू नका. ती नसेल तर दुपारी आठवून टाकलेली टिंबे निव्वळ अंदाजाची असतात, आणि आपला अंदाज नेहमी आपल्याच बाजूने झुकतो.

रात्री वरच्या ओळीशी खालची ताडून पाहा, आज कालशी, आणि शनिवारी हा आठवडा मागच्याशी.

कुठे बिघडते

पहिल्या आठवड्यात टिंबे बहुधा वाढतात. घाबरू नका, चुका वाढलेल्या नसतात, त्या आता दिसू लागलेल्या असतात.

दुसरे बिघडते ते ‘आजचा दिवस गेलाच’ या वाक्याने. अकरा वाजता एक बिस्कीट खाल्ले, नियम मोडला, मग पुडाच संपवला. नुकसान त्या पहिल्या बिस्किटाने फारसे होत नाही, या वाक्याने होते. जोडओळीचा खरा उपयोग इथे कळतो: वरची ओळ कितीही काळी झाली तरी दुपारी खालची कोरी असते.

तिसरी भानगड पळवाटांची. तोंड गप्प, पण भांडी आपटली. चहा सोडला आणि कॉफी धरली. अशा वेळी टिंब द्यायचे का, हे आधीच ठरवून पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. रात्री वही उघडल्यावर आपण स्वतःचेच वकील असतो. आणि दोन विषय एकदम घेऊ नका, मग कितीही उत्साह असो.

उत्तर आधी पाठ हवे

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात चाळीस दिवसांच्या उपासानंतर येशूची परीक्षा होते. तिन्ही वेळा तो जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले वचन सांगून उत्तर देतो. भुकेल्या माणसाला त्या क्षणी नवे काही सुचत नसते. आधी आत असलेलेच वर येते. म्हणून आपल्या विषयाला एक छोटे वचन जोडा आणि ते मोठ्याने म्हणत पाठ करा. रागासाठी याकोब १:१९. जिभेसाठी स्तोत्र १४१:३, त्यात ओठांच्या दारावर राखण मागितली आहे. डोळ्यांसाठी स्तोत्र ११९:३७, खाण्यासाठी १ करिंथ १०:३१, खरेदीच्या हौसेसाठी इब्री १३:५. वचनाला एक कृती बांधा: ‘आवाज चढतोय असे वाटले की आधी गॅस बारीक करीन, वचन म्हणेन, मग बोलेन.’ कृती अशी क्षुल्लकच हवी.

इथे एक भेद पाळा. रागात थांबायचे असते, वासनेत पळायचे असते. मालक पोटीफर याच्या बायकोने गळ घातली तेव्हा योसेफ तिच्याशी वाद घालत बसला नाही. वस्त्र तिच्या हातात सोडून तो बाहेर पळाला (उत्पत्ती ३९). रात्री एकट्याने स्क्रीनपुढे बसून ‘आज मी मन घट्ट करीन’ म्हणणे म्हणजे विस्तवाशेजारी लोणी ठेवून पाहणे. चार्जर स्वयंपाकघरात लावा, फोन तिथेच झोपवा आणि गजरासाठी साधे घड्याळ घ्या.

उपास, प्रमाणात

उपासाने पोटाला ‘नाही’ ऐकायची सवय लागते आणि तीच पुढे इतर ठिकाणी कामी येते. आठवड्यातून एक दिवस, एक जेवण, एवढ्यावर सुरुवात करा. नाश्ता करून दुपारचे जेवण सोडा, पाणी भरपूर प्या, रात्री नेहमीइतकेच जेवा. दुपारची भरपाई रात्री नको. जेवणाचा वाचलेला अर्धा तास प्रार्थनेला द्या आणि वाचलेले पैसे एका डब्यात टाकून महिनाअखेरीस गरजू माणसाला. कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दिवशी १८ ते ५९ वयापर्यंत उपास बंधनकारक आहे: एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडे, तेही मिळून पूर्ण जेवणाइतके भरू नये. त्या दिवशी मांसही वर्ज्य आहे, पण मासे त्यात धरत नाहीत; म्हणून पापलेट तळले तर नियम मोडत नाही, सराव मात्र बुडतो.

रोज तीन-चार कप चहा घेणाऱ्यांनी तो एकदम तोडू नये. डोके दुखते आणि चिडचिड घरच्यांवर निघते. आठवडाभरात कपाकपाने कमी करा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदरपण असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर जेवण सोडू नका; गोड, टीव्ही किंवा मोबाइल सोडा. आणि उपासाच्या दिवशी केस विंचरून, हसऱ्या तोंडाने कामाला जा (मत्तय ६:१६–१८). घरच्यांनी ‘आज उपास वाटतं?’ असे तोंड पाहून विचारले, तर एक टिंब.

रिकामी जागा

मत्तय १२:४३–४५ मधले झाडूनपुसून ठेवलेले घर आठवा. रिकामे राहिले म्हणून तिथून निघून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात आत्मे घेऊन परत आला. सोडलेल्या सवयीच्या जागी, त्याच वेळी, त्याच खुर्चीत काय करायचे ते ठरलेले हवे. रात्री दहाची रील बंद केलीत तर दहा वाजता हातात काहीतरी द्या: उद्याची भाजी निवडणे, आईला फोन, एक स्तोत्र.

एक विश्वासाचा माणूसही लागतो. पुरुषाने पुरुष, बाईने बाई निवडावी. शक्यतो जोडीदार नको, कारण तिथे हिशेब आधीच बरेच असतात. आठवड्यातून पंधरा मिनिटे, वही दाखवायची, दोनच प्रश्न: टिंबे कुठे दाटली, आणि या आठवड्यात काय बदलणार? हे मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तिथे प्रार्थनेची विनंती संध्याकाळपर्यंत बातमी होते.

दारूचे व्यसन लागलेल्या माणसाने मात्र या वहीच्या भरवशावर राहू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास, फिट येणे असे जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टर, मग पुण्यातल्या मुक्तांगणसारखे व्यसनमुक्ती केंद्र किंवा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची बैठक. पाळकांनाही ‘प्रार्थना करू, सुटेल’ एवढ्यावर घरी पाठवू देऊ नका.

सलग तीन आठवडे रोजचे टिंब एकाच्या वर गेले नाही की विषय बदला, नवे पान आखा. जुने पान फाडू नका. मे महिन्यात पाहुणे आले, घरात लग्न निघाले, परीक्षा लागल्या की जुनी सवय मागच्या दाराने परत येते. त्या आठवड्यापुरते ते पान पुन्हा काढायचे आणि त्याच शब्दांत नव्या ओळी आखायच्या.