कुत्री फिरवण्याचा व्यवसाय : पहिल्या ग्राहकाआधीची तयारी

पुण्यात कोथरूड किंवा औंधसारख्या भागात कुत्री फिरवण्याचा व्यवसाय सुरू करायचा असेल, तर व्हिजिटिंग कार्डे छापण्याआधी नेहमीचे रस्ते आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, हाती कुत्रे नसताना, स्वतः चालून पाहावेत. कोणत्या कोपऱ्यावर भटकी कुत्री बसतात, त्यांना खाऊ घालणारी मंडळी किती वाजता येतात आणि कुत्री अंगावर आलीच तर कोणत्या गल्लीतून निघता येईल, हे वहीत टिपून ठेवावे.

स्वतःसाठी रेबीजची प्रतिबंधक लस महिनाभर आधी सुरू करावी, कारण तिचे डोस साधारणतः पहिल्या दिवसानंतर सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. ती घेतलेली असली तरी कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतोच.

कागदपत्रांचा बाऊ करू नये. छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते (तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाला नमस्कार करावा), आणि मोजकेच कामगार असतील तर गुमास्ता (दुकाने व आस्थापना) कायद्याखाली केवळ सूचना द्यावी लागते.

खरा वेळ प्रत्येक कुत्र्याच्या माहितीपत्रकाला द्यावा. लसीकरणाचे पुस्तक स्वतः उघडून रेबीजची तारीख पाहावी, आणि पावसाळ्याच्या तोंडावर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लसीचीही. पशुवैद्याचा क्रमांक, महापालिकेचा परवाना आणि मादी असल्यास ती माजावर येण्याच्या अंदाजे तारखा लिहून घ्याव्यात, कारण ते दोन-तीन आठवडे गल्लीतले सगळे नर मागे लागतात. कुत्रे कशाला घाबरते, हा प्रश्न मालक हसण्यावारी नेतात, पण उत्तर मिळेपर्यंत सोडू नये. माझ्याकडचा एक बीगल गणपतीआधीच्या ढोल-ताशा सरावाचा पहिला ठोका पडताच मागे सरकला, मान खाली घातली आणि गळ्यातला सैल पट्टा माझ्या हातात ठेवून रस्त्यापलीकडे गेला. सुदैवाने रिक्षावाल्याने ब्रेक दाबला. तेव्हापासून मी पट्टा आणि मान यांच्यात दोनच बोटे जातील एवढी जागा ठेवतो आणि दोरीची एक कडी पट्ट्याला, दुसरी छातीभोवतीच्या हार्नेसला अडकवतो. आपोआप लांबणारी दोरी घेऊ नये. पाच-सहा फुटांची साधी, जाड दोरी पुरते.

उन्हाळ्यात तळहाताची मागची बाजू सात सेकंद डांबरावर टेकवता येत नसेल, तर फेरी रद्द करावी. पग आणि बुलडॉग या चपट्या नाकाच्या जातींच्या बाबतीत तर उन्हे चढण्याआधीच घरी परतावे. पावसाळ्यात परत सोपवताना पायांच्या बोटांमध्ये गोचीड पाहण्याची सवय लावावी.

दर ठरवण्याआधी वेळेचा हिशेब मांडावा. सुरुवातीचे काही महिने एका वेळी एकच कुत्रे न्यायचे म्हटले, तर अर्ध्या तासाची फेरी आणि जिने, लिफ्ट, वॉचमनची वही यांत जाणारी पंधरा मिनिटे धरून सकाळी सहा ते नऊ या वेळेत चारच कुत्री होतात. महिन्याची अपेक्षित कमाई या चारांवर मांडावी, सोसायटीतल्या चाळीस कुत्र्यांवर नव्हे.

घराच्या किल्ल्या घ्याव्या लागल्याच, तर त्यांवर फ्लॅटचा क्रमांक कधीही लिहू नये. आपल्यालाच कळेल अशी खूण करावी, आणि किल्ली घेतल्या-दिल्याची सही आपल्या वहीत घ्यावी.