ॲडजस्टेबल फ्युएल प्रेशर रेग्युलेटर : पाना हातात घेण्याआधीची तयारी

फ्युएल प्रेशर रेग्युलेटर म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब ठरवणारा भाग. ॲडजस्टेबल असेल तर तो दाब स्क्रू फिरवून कमी-जास्त करता येतो. तो बसवायचा असेल तर पहिलं काम सामान आणण्याचं नाही, बॉनेट उघडून बघण्याचं. इंजेक्टरच्या रेलकडे (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरना ते वाटणाऱ्या जाड नळीकडे) टाकीपासून दोन नळ्या येतात का ते पाहा. एक पेट्रोल आणणारी, दुसरी उरलेलं पेट्रोल परत नेणारी. रेलच्या टोकाला बुटका, डबीसारखा रेग्युलेटर आणि त्यातून इनटेक मॅनिफोल्डकडे (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाकडे) गेलेली बारीक रबरी नळी दिसली, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) मारुती एस्टीमच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांची मांडणी अशी असते. अलीकडच्या गाड्यांत एकच नळी येते आणि रेग्युलेटर टाकीत पंपाच्या युनिटमध्येच असतो. तिथे परतीची लाइन नव्याने टाकावी लागते, ते काम वेगळं. डायरेक्ट इंजेक्शनची पेट्रोल गाडी किंवा कॉमन रेल डिझेल असेल तर विषयच सोडा. डिझेलच्या रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो आणि ती धार कातडी फोडून आत घुसते.

मग दाब मोजा. आत्ताचा आकडा माहीत नसताना नवा रेग्युलेटर विकत घेणं म्हणजे अंधारात खर्च, आणि आपल्याकडे बहुतेक जण नेमकं हेच करतात. पिकअप मरतोय, चढावर गाडी मिस करते, म्हणून रेग्युलेटर मागवतात. निघतो तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पंप. ० ते ७ बारचा, पेट्रोलला चालणारा गेज टी-जॉइंटने फिल्टर आणि रेलच्या मध्ये बसवा. अशा बऱ्याच गाड्यांत पंप चालू आणि इंजिन बंद असताना ३ बारच्या आसपास दाब दिसतो. इंजिन आयडलला आलं की मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूममुळे तो अर्ध्या बारने वगैरे खाली उतरतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. इंजिन बंद केल्यावर दाब झपाट्याने पडत असेल तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला किंवा आत ओल दिसली तर रेग्युलेटरमधला पडदा फाटलाय. अशा वेळी कंपनीचा साधा रेग्युलेटर बदला आणि पैसे वाचवा.

तरीही दाब वाढवायचाच असेल तर किती, हे कागदावर ठरवा. दाब आणि पेट्रोल एका मापाने वाढत नाहीत. ठिबकच्या साध्या ड्रिपरचं गणित इथेही लागतं: दाब दुप्पट केला तरी पाणी दुप्पट पडत नाही, साधारण १.४ पट पडतं, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. ३ बारचे ३.५ केले तर इंजेक्टरमधून ८ टक्के जास्त पेट्रोल जाईल, ४ केले तर १५ टक्क्यांच्या जरा वर. एवढ्याने भागणार नसेल तर मोठे इंजेक्टर आणि ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) ट्युनिंग हाच रस्ता. स्क्रू पिळत बसू नये. दाब वाढला की पंप कमी पेट्रोल ढकलतो, म्हणजे जुन्या पंपावर ४ बार ठेवलात तर नेमकं फुल थ्रॉटलला पेट्रोल अपुरं पडू शकतं. पंपाच्या टर्मिनलला इंजिन चालू असताना व्होल्टेज किती पोचतं तेही बघा. गंजलेल्या अर्थिंगमुळे दोन व्होल्ट खाल्लेले असले तर दोष रेग्युलेटरचा नाही.

आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये कोणी सांगत नाही. आयडलला आणि सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू इंजेक्टर उघडा ठेवण्याचा वेळ स्वतःच कमी-जास्त करतो. तुम्ही ८ टक्के वाढवलेत, तो ८ टक्के कापेल. वाढवलेल्या दाबाचा खरा परिणाम फुल थ्रॉटलला दिसतो, कारण तिथे ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही. म्हणून धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या वाइडबँड मीटरची सोय आधी करा, उसना मिळाला तरी चालेल. आकडे लॅम्डात वाचा: १ म्हणजे पेट्रोल जळायला लागते नेमकी तेवढी हवा, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त. एक भाग शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या ई-२० ला साधारण १३.५, लॅम्डात ही भानगड राहत नाही. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाला फुल लोडवर ०.८५ ते ०.८८ ठीक. ‘दोन आटे आवळून देतो भाऊ, मग पाहा कशी पळते’ असं मीटरशिवाय कोणी म्हणालं तर चहा प्या आणि गाडी घेऊन घरी या.

सामानात कंजूषी नळीवर करू नका. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला एसएई जे३० आर९ दर्जाची नळी घ्या, नळीवर तसं छापलेलं असतं. क्लॅम्प इंजेक्शनसाठीचे, गुळगुळीत पट्टीचे. खाचा असलेली जुबली क्लिप नळीला कापते. जुन्या रेग्युलेटरच्या जागी बसणारा ॲडॅप्टर तयार मिळाला नाही तर जळगावच्या एमआयडीसीत लेथवर करून मिळेल, मात्र नमुन्याला जुना रेग्युलेटर द्या आणि ओ-रिंगच्या खाचेचं माप कॅलिपरने तपासून घ्या. ओ-रिंग नव्याच, बसवताना स्वच्छ तेलाचं बोट फिरवायचं. पाइपलाइनच्या कामाची सवय असलेला हात टेफ्लॉन टेपकडे जातोच. इथे तो लावायचा नाही. त्याचे तुकडे सुटून इंजेक्टरच्या जाळीत अडकतात. निमुळत्या आट्यांना पेट्रोल सोसणारा सीलंट लावा, ओ-रिंग किंवा फ्लेअरच्या जोडाला काहीच नको. गेज बॉनेटखालीच ठेवा. केबिनमध्ये आकडा हवा असेल तर इलेक्ट्रिक सेन्सर लावा, पेट्रोलची नळी डॅशबोर्डपर्यंत ओढू नका.

काम पहाटे करा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात असतो, दुपारी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडणं परवडणारं नाही. गाडी मोकळ्या हवेत लावा, पिटवर नको. पेट्रोलची वाफ जड, खड्ड्यात साचते. हॅलोजन नको, एलईडी टॉर्च. एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी, आणि तो चालवता येणारा माणूस शेजारी. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. तरी जोड सैल करताना खाली फडकं धरा, थोडं पेट्रोल येतंच.

दाब सेट करताना व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं. सुरुवात कंपनीच्या आकड्यावर, तिथे सगळं कोरडं आहे याची खात्री झाल्यावरच स्क्रू पाव-पाव आटा फिरवा. लॉकनट आवळला की आकडा किंचित सरकतो, परत बघा. फुल थ्रॉटलचं रीडिंग डायनोवर (गाडी जागच्या जागी रोलरवर पळवणाऱ्या यंत्रावर) घ्या. कन्नड घाटात गाड्यांच्या रांगेमागे ते मिळत नाही आणि मिळवूही नये.

कागदांचंही आधी बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची मूळ माहिती बदलेल असा फेरफार चालत नाही, म्हणून आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारून उत्तर लेखी घ्या. काम झाल्यावर पीयूसी नव्याने काढा. शेवटची एस्टीम २००७ ची, म्हणजे तिला पंधरा वर्षं केव्हाच उलटली. नोंदणीच्या पुढच्या नूतनीकरणाच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड जास्त निघाला तर दाब कंपनीच्या आकड्यावर आणावा लागेल. जुना रेग्युलेटर, त्याचा ब्रॅकेट आणि बोल्ट एका पिशवीत बांधून ठेवा, भंगारात देऊ नका.