नाटकाचं बॅकस्टेज सांभाळायचंय? मग हे आधी वाचा

कॉलेजच्या एकांकिकेला बॅकस्टेज केलं म्हणजे स्टेज मॅनेजमेंट जमली असं समजून बरीच पोरं व्यावसायिक नाटकाला येतात आणि पहिल्याच दौऱ्यात त्यांची पळता भुई थोडी होते. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत तर नेपथ्य, प्रकाश, संगीताला बक्षीसच नसतं, सगळा भर लेखन-दिग्दर्शन-अभिनयावर, त्यामुळे तिथे चार खुर्च्या आणि एक लेव्हल (लाकडी चौथरा) सरकवून भागतं. इथे गाडीभर सेट असतो आणि तो आज पुण्यात बालगंधर्वला, उद्या ठाण्यात गडकरीला आणि रविवारी कुठल्यातरी तालुक्याच्या हॉलमध्ये उभा करायचा असतो. नाटक तेच, नट तेच, पण पायाखालची जागा रोज वेगळी. माझ्या मते या कामातली निम्मी डोकेदुखी ही एवढीच आहे, बाकीची निम्मी माणसांची.

तर पहिलं काम म्हणजे एक वही करा आणि प्रत्येक थिएटरला एक पान द्या. ओपनिंग (प्रेक्षकांना दिसणारी स्टेजची रुंदी) किती फूट, खोली किती, दोन्ही विंगांत (स्टेजच्या बाजूच्या आडोशांत) प्रत्यक्षात उभं राहायला जागा किती, वरची कापडी झालर किती खाली येते, सेट कुठल्या दाराने चढतो आणि तिथे जिना आहे का उतार, मेकअप रूम स्टेजपासून किती लांब, पडदा मोटरवर आहे का हाताने ओढायचा, सगळं लिहा. नवीन थिएटर असेल तर आधी फोन करून विचारा, आणि फोनवर "सगळं आहे हो आमच्याकडे" असं उत्तर आलं तर त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, आकडा मागा. छोटं स्टेज असेल तर कुठला फ्लॅट (सेटच्या भिंतीचा तुकडा) गाळायचा ते नेपथ्यकाराशी बसून आधीच ठरवून ठेवा, प्रयोगाच्या दिवशी दुपारी सगळे घामाघूम झालेले असताना असले निर्णय घेतले की भांडणं होतात.

मापं सेंटरपासून घ्यायची, विंगेपासून नाही. हे नवीन मुलं कायम विसरतात. ओपनिंगचा मध्य काढा, तिथे खडूची खूण करा आणि सोफा, दार, जिना सगळं त्या खुणेपासून मोजून लावा, म्हणजे स्टेज लहान-मोठं झालं तरी नटांची आपापसातली अंतरं तीच राहतात आणि लाईटवाल्यालाही स्पॉट शोधत बसावं लागत नाही.

वेळेचं गणित वेगळंच. पुण्यात साधारण 12.30, 5 आणि 9.30 असे प्रयोग लागतात, आणि तुमचं नाटक 5 चं असेल तर दुपारचं नाटक संपून त्यांचा सेट निघेपर्यंत तुमची माणसं बाहेर गाडीपाशी उभी. दुपारचा प्रयोग लांबला की तुमची वेळ कापली जाते, तुमच्या प्रेक्षकांना मात्र त्याचं काही देणंघेणं नसतं. म्हणून उतरवायचा क्रम ठरलेला हवा, जे स्टेजवर पहिलं लागतं ते गाडीत सगळ्यात शेवटी चढवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण रात्री प्रयोग संपल्यावर सगळ्यांना घरी पळायची घाई असते आणि हातात येईल ते आत कोंबलं जातं, तिथे उभं राहून बघणारं कोणीतरी पाहिजेच, आणि ते कोणीतरी म्हणजे तुम्ही.

आता प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात नट हाताळतात त्या वस्तू. दोन्ही विंगांत एकेक टेबल, त्यावर कागद अंथरून प्रत्येक वस्तूची जागा पेनने आखायची आणि आत नाव लिहायचं, चष्मा, पत्र, चहाचा ट्रे, किल्ली. रिकामा चौकोन दिसला की वस्तू गायब आहे हे अंधारातसुद्धा एका नजरेत कळतं. वस्तू वापरून झाली की नटाने ती तिथेच आणून ठेवायची, खिशात घालून मेकअप रूममध्ये न्यायची नाही, आणि हा नियम स्टार असो वा नवखा, सगळ्यांना सारखा. पहिली घंटा द्यायच्या आधी टेबल स्वतः तपासा, "बघितलंय ना रे?" असं ओरडून विचारणं म्हणजे तपासणं नव्हे.

फोनची रिंग हा आमच्याकडचा जुना शत्रू. नटाने रिसीव्हर कानाला लावलाय आणि रिंग वाजतेच आहे, की थिएटर हसलंच म्हणून समजा. यात साऊंड ऑपरेटरला दोष देण्याआधी त्याच्या जागेवर जाऊन बसून बघा, बऱ्याचदा त्याला टेबल दिसतच नसतं, मधे सोफ्याची पाठ तरी येते नाहीतर फ्लॅट. मग ज्याला फोन दिसतो असा माणूस विंगेत उभा करायचा आणि त्याच्या खुणेवर रिंग तोडायची. संहितेच्या तुमच्या कॉपीत प्रत्येक क्यू (लाईट किंवा आवाज कधी द्यायचा ती खूण) पेन्सिलीनेच लिहा कारण तो बदलतो, आणि क्यूच्या आधी अर्धं पान "तयार" अशी खूण करा. वॉकीटॉकी असेल तर छान, पण बॅटरी संपते, तेव्हा क्यू कुठल्या वाक्यावर आहे हे ऑपरेटरला पाठ हवंच.

ब्लॅकआउटमध्ये सेट बदलायचा असेल तर तालमीत अंधार करून सराव करा, उजेडात सराव करून काही उपयोग नाही. कोण काय उचलणार, कुठल्या बाजूने जाणार, कोण कोणाला वाट देणार हे ठरवा. लेव्हलच्या कडेला रेडियम टेप, हातातल्या टॉर्चला निळा जिलेटिन, पायात आवाज न करणारे बूट. आणि शेवटचा माणूस विंगेत आल्याशिवाय लाईटचा क्यू द्यायचा नाही, मग संगीत दोन सेकंद जास्त वाजलं तरी चालेल.

राहता राहिली माणसं, आणि ते सगळ्यात अवघड. तुम्ही कोणाचेच बॉस नसता पण सगळ्यांना वेळेवर हलवायची जबाबदारी तुमची. ज्येष्ठ नटाला "सर, दुसरी घंटा दिलीये" असं दारात जाऊन सांगायचं, मेसेज टाकून नाही. थिएटरचे लाईटवाले दादा, पडदा ओढणारे काका यांच्याशी आल्या आल्या बोला, चहा आपल्या लोकांबरोबर त्यांनाही सांगा, वायरिंगची कुठली पट्टी कधी दगा देते हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. नट गाडीत अडकला असेल तर निर्माता, दिग्दर्शक आणि बुकिंगवर बसलेला माणूस तिघांना एकच वेळ सांगा, नाहीतर बाहेर एक घोषणा आणि आत दुसरीच गडबड. तिसरी घंटा मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय कोणी द्यायची नाही, हे नारळ फोडतानाच सगळ्यांसमोर बोलून घ्या.

पैशाचं पण आधीच बोला. नाईट (एका प्रयोगाचे पैसे) किती, दौऱ्यावर जेवण-राहणं कोणाकडे, एका दिवशी दोन प्रयोग असले तर दोन नाईट का दीड, आणि ऐनवेळी प्रयोग रद्द झाला, सेट लावून झालेला असला, तर तुमच्या पोरांना काय मिळणार. हे पहिल्या प्रयोगाच्या आधी निर्मात्याकडून मेसेजवर लिहून घ्या, नंतर विचारलं की तोच निर्माता "बघू, हिशेब लागू दे" म्हणतो.